दादाचा न थांबणारा प्रोग्राम

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. घराची मागची भिंत आणि कारखान्याची भिंत एकच होती, आणि त्या भिंतीपलीकडे दिवसरात्र यंत्रमाग चालत. खटखट म्हणतात लोक, पण ती खटखट नव्हती, तो एक सलग मार होता. मांडणीवरची स्टीलची भांडी त्या माराने हळूहळू पुढे सरकत आणि आई येताजाता त्यांना मागे ढकलत असे. त्यामुळे आम्ही हातांनी बोलायचो. अंगठा ओठाकडे नेला की चहा. कानाची पाळी धरली की बाबा आले. दोन बोटं एकमेकांवर घासली की आज जेवायला सुकट आणि तांदळाची भाकर. भांडणंसुद्धा हातांनीच व्हायची, आणि आई रागावली की तिचे हात इतके भरभर चालत की आम्हाला त्यातलं निम्मंच कळायचं. लाईट गेली की माग थांबायचे आणि भिवंडी अचानक गप्प व्हायची. मग आम्हाला आमचेच आवाज परक्यासारखे वाटायचे आणि कुणालाच काय बोलावं ते सुचायचं नाही.

बाबा पलीकडच्या कारखान्यात जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. पडघ्याच्या पुढच्या आमच्या गावातून ते तरुणपणी भिवंडीत आले आणि मागांच्या मध्ये हात घालता घालता जॉबर झाले. मागाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायचे, अशी त्यांची ख्याती होती. आणि नेमके तेच कान मागांनी खाल्ले. हे आम्हाला घरात कळलं नाही, कारण घरात हातांनीच सगळं चालायचं. कळलं ते विहारात. रविवारी सकाळी वंदना बाबा सांगायचे, त्यांच्यामागून सगळी वस्ती म्हणायची. एके रविवारी बाबा पुढे निघून गेले. लोकांची एक ओळ म्हणून व्हायच्या आत त्यांची पुढची ओळ सुरू. लोक धडपडत त्यांच्या मागून धावले, मग एकेक जण गप्प झाला, आणि शेवटी बाबा एकटेच डोळे मिटून, मोठ्यानं म्हणत राहिले. त्यांना वाटत होतं की सगळे सोबत आहेत. मी बायकांमध्ये बसले होते. शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं मात्र त्यांचा सूर धरला आणि शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर म्हणत राहिली.

दादा त्यांना ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी कानात बघितलं, काट्यासारखं काहीतरी वाजवून कानाजवळ धरलं आणि सांगितलं, उरलंय तेवढं राखायचं असेल तर कारखाना सोडा. यंत्रावरची नीट तपासणी मुंबईला होईल म्हणाले. बाबा घरी आले ते तणतणतच.

"त्याला काय कलतंय? मला समदं ऐकू येतं. लोकंच हल्ली हलू बोलतान."

"बाबा, ऐकू येत नसेल तर सोडा ना कारखाना," दादा म्हणाला. त्या वेळी लाईट गेलेली होती, म्हणून हे सगळं तोंडानं चाललं होतं. "तुमच्या जागेवर मी जातो. शेठला मी सांगतो."

"आनि तुजा क्लास?"

"क्लास राहिला तर राहिला."

आईनं दिवा उगाचच इकडचा तिकडे ठेवला. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच गोष्ट अधांतरी लटकत राहिली. बाबांना ऐकू येत असेल तर दादा कॉम्प्युटर शिकेल, आणि ऐकू येत नसेल तर दादा मागावर जाईल.

दादाचं नाव मिलिंद. बारावीनंतर तो बाजारपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मदतनीस म्हणून लागला होता. सकाळी जाऊन खोली झाडायची, मशीन सुरू करून ठेवायच्या, नवीन मुलांना माऊस धरायला शिकवायचं, आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळी स्वतः शिकायचं. क्लासच्या खालीही मागच होते. भिवंडीत मागांपासून सुटका नव्हतीच. कल्याणहून येणारे सर मुलांना ठरावीक दोन-तीन गोष्टी शिकवायचे, पण दादाला एका कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली सीडी मिळाली आणि तिच्यात पायथन नावाची भाषा सापडली. तेव्हा ती भाषा अख्ख्या भिवंडीत त्याच्याशिवाय कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. त्याला तिचं वेड लागलं. मीही कॉलेज सुटलं की क्लासवर जाऊन त्याच्या शेजारी बसायची. आज मी पोटासाठी जे शिकवते, ते सगळं मी तिथे त्या डुगडुगणाऱ्या स्टुलावर शिकले. माझे विद्यार्थी एअर कंडिशनर लावलेल्या खोलीत बसतात आणि तरी जांभया देतात, तेव्हा मला त्या स्टुलाची आठवण येते आणि रागही येतो.

प्रोग्राममध्ये चूक झाली तर तिचं काय करायचं, हे दादानं मला कसं समजावलं ते अजून लख्ख आठवतं. मी अजूनही तसंच शिकवते.

"हे बघ शालू, आई तुला सांगते, तांदूळ आण. तू दुकानदाराला सांगतेस. दुकानदार आतल्या गड्याला सांगतो. म्हणजे एका फंक्शननं, प्रोग्रामच्या एका तुकड्यानं, दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आता गड्यानं पोत्यात हात घातला आणि तांदूळच नाही. तो काय करेल?"

"ओरडेल, नाही म्हणून."

"बरोबर. तो ओरडला की त्याचं पुढचं काम तिथेच संपलं. मोजणं नाही, बांधणं नाही. आता हा ओरडा वर जातो. दुकानदाराकडे काही इलाज असला, म्हणजे त्यानं एक्सेप्ट, ही चूक पकडायची ओळ, लिहिली असली, तर तो तिथे पकडेल, शेजारच्या दुकानातून आणून देईल. नसला, तर त्याचंही काम अर्धवट टाकून ओरडा तुझ्याकडे. तुझ्याकडे नसला तर आईकडे. आईकडेही नसला, तर चूल बंद. प्रोग्राम बंद. पडद्यावर सगळी साखळी लिहून येते, कोण कुणाकडून मागत होतं आणि नेमकं कुठे अडलं."

"आणि चूल बंद पडायला नको असेल तर?"

"तर मध्येच कुणीतरी तो ओरडा गिळायचा. एक्सेप्ट, आणि खाली नुसतं पास. पास म्हणजे काही करू नको, पुढे चल. गडी ओरडला, दुकानदारानं गिळलं आणि रिकामी पिशवी बांधून तुझ्या हातात दिली. तू ती हसत हसत घरी आणलीस. आईनं आधण ठेवलं." आणि तो स्वतःच हसला. "सर म्हणतात, पास लिहायचं नाही. लिहिलंच, तर आपण काय गिळतोय ते माहीत पाहिजे."

म्हणजे त्याला माहीत होतं. हे मला मुद्दाम लिहून ठेवायचंय, कारण त्याला कमअक्कल म्हणणारे नातेवाईक पुढे खूप भेटले.

मुंबईच्या तपासणीला बाबा काही केल्या तयार होईनात. मग दादानं ठरवलं, आपणच तपासायचं. त्यानं पायथनमध्ये कानांची परीक्षा लिहायला घेतली. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सूर बनवून त्यांच्या फायली डिस्कवर ठेवल्या. प्रोग्राम एकेक फाईल उघडणार, बाबांच्या कानावरच्या हेडफोनमध्ये सूर वाजवणार, आणि ऐकू आला की बाबांनी एक दाबायचं, नाही आला की शून्य. शेवटी निकाल. डॉक्टरांच्या यंत्राची सर त्याला येणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला एवढंच बघायचं होतं, की बाबांना कारखान्यात पाठवणं धोक्याचं आहे की नाही.

क्लासला सुट्टी असताना आम्ही बाबांना घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून ते आले आणि खुर्चीवर असे बसले, जसं काही फोटो काढायचाय. हेडफोन लावला. दादानं सुरू केलं. बाबांनी वंगणानं कायमचं काळं झालेलं जाड बोट उचललं आणि एकाच्या ऐवजी भलतंच अक्षर दाबलं. दादाच्या प्रोग्रामला आकडाच हवा होता. तो तिथेच थांबला आणि पडद्यावर भराभर ओळी आल्या.

बाबांनी हेडफोन ओरबाडून काढला आणि उभेच राहिले. "बिघाडली का रं? माज्यामुलं बिघाडली?"

"नाही बाबा, काही बिघडलं नाही. बसा तुम्ही."

"नको. दुसऱ्याची मशीन हाय. नको." आणि आयुष्यभर लोखंडाच्या मशीन खोलून परत जोडणारा माणूस त्या डब्याला घाबरून जिना उतरून गेला. पहिला सूर त्यांना ऐकू आला होता की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं.

दादाला ते फार लागलं. त्या आठवड्यात त्यानं प्रोग्राम बदलला. आता बाबांनी काही दाबायचं नव्हतं, नुसता हात वर करायचा; सूर सुरू करायची कळही दादा दाबणार आणि उत्तराचीही. आणि सूर वाजवणं, उत्तर घेणं, अशी प्रत्येक पायरी त्यानं वेगवेगळ्या ट्रायमध्ये, म्हणजे 'करून बघ' सांगणाऱ्या चौकटीत, घातली, खाली एक्सेप्ट, त्याखाली पास. कुठलीही चूक होवो, प्रोग्राम बाबांसमोर थांबता कामा नये.

"पास लिहायचं नाही म्हणाला होतास ना?" मी विचारलं.

"काटा बांधलाय," तो म्हणाला.

हे आमच्या घरातलं बोलणं होतं. मागाला एक लहानसा लोखंडी काटा असतो. आडवा धागा तुटला की तो काटा माग थांबवतो. माग थांबला की विणकराचं काम खोळंबतं आणि शेठ चिडतो, म्हणून पुष्कळ कारखान्यांत तो काटा सुतळीनं बांधून टाकत. मग धागा तुटो की संपो, माग आपला चालूच. कापडात धाग्याविना जाळी पडत जाते आणि कुणी बघेपर्यंत हातभर कापड वाया जातं. शेठ म्हणायचा, "कुछ भी हो, बंद नहीं होना चाहिए," आणि बाबा मुकाट्यानं सुतळी बांधायचे. घरी येऊन आईला सांगायचे आणि वर शेठला दोन शिव्या घालायचे.

मधल्या काळात डिस्क भरली म्हणून सरांनी सफाई केली होती. दादाच्या सुरांच्या फायली त्यांना कुणीतरी भरून ठेवलेली गाणी वाटली आणि त्यांनी त्या पुसल्या. यात त्यांचाही काही दोष नव्हता. हे आम्हाला पुढे कळलं. दुसऱ्यांदा बाबांना खुर्चीत बसवलं तेव्हा आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं.

ती दुसरी परीक्षा मी दारापाशी उभी राहून पाहिली. बाबा हेडफोन लावून दादाकडे तोंड करून बसले होते. दादानं कळ दाबली. बाबांचा हात वर. पुन्हा कळ, पुन्हा हात वर. बारीक सुरांच्या वेळी मी श्वास रोखून धरला, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की तेच आधी जातात. हात वर. एकही सुटला नाही. शेवटी पडद्यावर उत्तम अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला. दादानं तो मोठ्यानं वाचला, मग हातांनी सांगितला, आणि बाबा असे हसले की त्यांची आतली सोन्याची कड असलेली दाढ मला पहिल्यांदाच दिसली. दादा रडला. मीही रडले. परतताना आम्ही मिठाईच्या दुकानातून मावा घेतला आणि आईनं त्या दिवशी वालाचं बिरडं केलं. आमच्या घरातला तो शेवटचा आनंदाचा दिवस. तसा नंतर कधी आला नाही, आणि येईल असं मी आता म्हणतही नाही.

बाबा कारखान्यात जात राहिले. ऐकू न येणारी माणसं एक युक्ती शिकतात. समोरच्याचे ओठ हलले की मान डोलवायची. पुष्कळदा चालून जातं. एके सकाळी बाबा एका मागात हात घालून काहीतरी बसवत होते. विणकर शफीकचाचांनी पलीकडून ओरडून विचारलं, "काशिनाथ, चालू करूँ?" बाबांनी वर बघितलं, ओठ हलताना पाहिले आणि मान डोलवली. शफीकचाचांनी दांडा ओढला.

उजव्या हाताची अंगठ्याशिवायची सगळी बोटं गेली. शफीकचाचा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात कपाळावर हात मारत आईला एकच सांगत होते, "भाभी, मैंने पूछा था. कसम से, पूछा था. उसने हाँ बोला." आई त्यांना म्हणत होती, "हां भाई, पूछा था, हमको मालूम हाय." मी तेव्हा चिडले होते, की आई यांनाच कसली समजावत बसलीय. आज कळतं, तिला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

शेठनं बाबांच्या जागी दादाला घेतलं. उपकार केल्यासारखं. दादा सरांना सांगायला क्लासवर गेला, मी सोबत होते. सर वाईट वाटून चहा सांगायला खाली गेले. दादा आपल्या नेहमीच्या मशीनसमोर बसला आणि म्हणाला, "आता मलाच तिथे आयुष्य काढायचंय. माझे कान आज कसे आहेत ते तरी बघून ठेवतो." त्यानं हेडफोन लावला आणि परीक्षा सुरू केली. कळ दाबली. थांबला. पुन्हा दाबली. हेडफोन कानावर घट्ट दाबला. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"शालू, मला काहीच ऐकू येत नाही गं."

मी हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला. "मलापण नाही."

पडद्यावर प्रोग्राम शांतपणे पुढचा प्रश्न विचारत होता, मग त्याच्या पुढचा. दादानं तो बंद केला, ट्राय आणि एक्सेप्ट काढून टाकलं आणि पुन्हा चालवला. या वेळी प्रोग्राम पहिल्याच सुराला थांबला आणि सगळी साखळी लिहून आली. परीक्षेनं सूर वाजवणाऱ्याला बोलावलं, त्यानं फाईल उघडणाऱ्याला बोलावलं, आणि तिथे अडलं. फाईल सापडली नाही. म्हणजे वाजवण्याच्या ओळीपर्यंत प्रोग्राम कधी पोचलाच नव्हता. प्रत्येक सुराला तो तिथूनच उडी मारून पासवर येत होता आणि पुढे जात होता. त्या दिवशी हेडफोनमध्ये एकही सूर वाजला नव्हता. बाबांनी प्रत्येक वेळी हात वर केला होता.

दादा त्या ओळींकडे बघत बसला. खाली माग चालू होते आणि टेबल थरथरत होतं. सर चहा घेऊन आले तेव्हा तो म्हणाला, "सर, मशीन बंद करू का?" आणि त्यानं ती बंद केली. त्यानंतर तो कॉम्प्युटरसमोर कधीच बसला नाही. माझं लग्न झाल्यावर मी त्याला एक जुनी मशीन पाठवली होती, तिच्यावर आईनं कापड घालून शेवया वाळत घातल्या.

मी विद्यार्थ्यांना सांगते, जी चूक अपेक्षित आहे तेवढीच पकडा. चुकीच्या कळेची पकडायची होती तर तेवढ्याच ओळीभोवती ट्राय लावा. बाकीची वर जाऊ द्या, प्रोग्राम थांबला तर थांबू द्या. ते वहीत उतरवून घेतात. सांगताना दर वेळी मी खडू शोधायचं निमित्त करून फळ्याकडे वळते.

बाबांना फायलींचं आम्ही कधीच सांगितलं नाही. काय सांगणार होतो? ते पुढे दारात खुर्ची टाकून बसून असायचे. उरलेल्या अंगठ्यानं आणि डाव्या हातानं बोलायचे, पण अर्धे शब्द त्या तुटलेल्या बोटांतच राहून गेले होते. सुकट म्हणायला दोन बोटं लागत. ती आई त्यांच्या हातावर आपली बोटं घासून त्यांच्यासाठी म्हणायची.

त्यांच्या शेवटच्या वर्षात एकदा लाईट गेलेली असताना मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं विचारलं, "बाबा, त्या दिवशी क्लासात तुम्हाला खरंच ऐकू येत होतं?"

दादा नुकताच पाळीवरून आला होता आणि भिंतीला टेकून भाकरी खात होता. त्यालाही तोवर कमीच ऐकू यायचं, पण मी ओरडले होते.

बाबांनी मान हलवली. "कायपन न्हाय. मशीन चांगली व्हती, माजेच कान गेल्ते. मी मिलिंदच्या खांद्याकडं बघत व्हतो. खांदा हलला का हात वर. न्हायतर हा मागावर गेला असता." मग त्यांनी अंगठा दादाच्या दिशेनं केला आणि माझ्याकडे बघून कौतुकानं हसले. "पन काय प्रोग्राम केल्ता पोरानं! पयल्या टायमाला बिघाडला, पन दुसऱ्या टायमाला एकदापन थांबला न्हाय."

दादानं हातातला घास ताटात ठेवला. तेवढ्यात लाईट आली, पलीकडचे माग सुरू झाले, आणि तो हात धुवायला उठला.